आधी खोदाई, मग मुलामा

कंपनीला टाळं लागल्यापासून
ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये, जिन्याखालच्या खोलीत
मी कॅमेरे उघडतो.
गुरुवारी अनीश कारखानीस पार्सल घेऊन आला.
बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे तीन थर,
आत एक फेड, माथ्यावर तांबडा तारा,
आणि विकणाऱ्याची चिठ्ठी:
सोव्हिएत फौज, १९४३. आघाडीवर वापरलेला.
अकरा हजार दोनशे.
परतीची मुदत रविवारी रात्री बारापर्यंत.
"काका, खरा आहे का, तेवढं सांगा."

मी आधी वास घेतो.
रशियन ग्रीस म्हातारं झालं की मेणासारखं आवळतं
आणि त्याला शिळ्या जवसाच्या तेलाचा वास येतो.
वास बरोबर.
लेन्स फिरवली. जड. तेही बरोबर.
पडदा कानाशी धरून सोडला,
पंचविसांशाला जरा रेंगाळतो,
जिन्याच्या वळणावर मी रेंगाळतो तेवढाच.
चामडं बदललेलं नाही. स्क्रूंच्या खाचा
एकदाच कुणीतरी घाईत कुरतडलेल्या.
अनीश माझ्या तोंडाकडे बघत होता,
रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरकडे बघावं तसा.

मग डोळ्याला भिंग लावलं.
खरं काम असं असतं:
आधी खोदाई, मग मुलामा.
अक्षराच्या तळाशीसुद्धा क्रोम चमकतं.
इथे मुलामा फाडून टाकी आत गेलेली,
कडांना पितळ,
ताजं, पिवळं, नुकत्याच सोललेल्या फणसासारखं.
आणि रशियन 'इ',
जी उलट्या एनसारखी दिसायला हवी,
ती सरळ एनच होती.
इंग्रजी पाट्या खोदून खोदून
हाताला जी सवय लागते, ती.

एवढ्यावर मी भिंग खाली ठेवायला हवं होतं.
पण त्रेचाळीसमधला तीन.
डोकं सपाट, पोट बारीक,
शेपूट आत वळवून मुडपलेली.

हा तीन मी एकवीस वर्षं पाहिलाय.
आमच्याकडे प्रेशर गेजच्या तबकड्या व्हायच्या,
त्यांवर आकडे चांगदेव मढवीचे.
तीस, तीनशे, तेहेतीस.
साहेबानं तीनदा मेमो दिला, तीन गोल काढ म्हणून.
चांगदेव म्हणाला, बरं,
आणि तसाच काढत राहिला.
कंपनी बुडाली तेव्हा थकलेल्या पगारापोटी
त्यानं खोदाईचं मशीन उचललं,
टेम्पोत घालून रबाळ्याला घरी नेलं.
आम्ही बाकीचे कागद घेऊन फिरत होतो.

रात्री फोन केला.
गुडघ्याचं झालं, मुलीच्या बदलीचं झालं,
मग विचारलं, "तारे खोदतोस काय रे?"
तिकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.
"मना काय म्हाईत कुठं जातान?
पोरगा कागद देतंय, खोदाचा."
"एकाचे किती?"
"दीडशे. ताऱ्याचे वीस जास्ती."
आणि थोड्या वेळानं,
"तीन वलखलास ना?"
आवाजात भीती नव्हती.
मेमो मिळाल्यावर असायची तीच ऐट.

शनिवारी अनीशला कागदावर लिहून दिलं:
बॉडी रशियन, बहुधा पन्नाशीतली.
फौज नाही. आघाडी नाही.
तारा नंतरचा.
पडद्याला तेल दिलं, पंचविसांश आता नीट.
तो म्हणाला, "म्हणजे खोटा."
मी म्हटलं, कॅमेरा खरा आहे, गोष्ट खोटी.
"मग परत करू?"

रबाळे हा शब्द
मी त्या कागदावर लिहिला नव्हता.
पेनाचं टोपण उघडंच होतं.
बाहेर पाण्याचा टँकर मागे येत होता,
त्याचा भोंगा थांबेपर्यंत
मला उत्तर द्यावं लागलं नाही.